आकापुल्कोचे वरचे गाव

आमचे मेहुणे चौतीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढून निवृत्तीनंतर दापोली तालुक्यातील केळशी येथे वडिलार्जित वाडीत येऊन राहिले, आणि तेव्हापासून घरातली लहानथोर मंडळी त्यांना कप्तान याच नावाने ओळखू लागली. एकटी माझी मुलगी तेवढी त्यांना अद्याप मामा म्हणते. ती मेक्सिको शहरातील एका स्थापत्य-सल्लागार कचेरीत इमारतींच्या सांगाड्यांची गणिते करण्याचे काम करते. २०२४ सालच्या वैशाखात ती रजेवर आली असता आम्ही तिघे केळशीच्या ओटीवर चार दिवस एकत्र होतो, आणि त्या चार दिवसांत या मामा-भाचीमध्ये आकापुल्को या एकाच शहरावरून जो वाद झाला तो मला इतका मोलाचा वाटला की, दोघांची परवानगी घेऊन तो शक्य तितका त्यांच्याच शब्दांत येथे नोंदवीत आहे.

दोघांनीही ते शहर डोळ्यांनी पाहिलेले होते. कप्तानांनी ते १९७४ साली पाहिले, तेव्हा ते पंचविशीच्या आतले, जहाजावरचे तिसरे अधिकारी होते, आणि यंत्र बिघडल्यामुळे त्यांचे जहाज त्या बंदरात अकरा दिवस अडकून पडले होते. मुलीने ते २०२३च्या नोव्हेंबरात पाहिले. ओटिस हे चक्रीवादळ त्या शहरावरून जाऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे लोटले होते, आणि कोणती इमारत राहण्याजोगी उरली आहे व कोणती नाही हे ठरविणाऱ्या अभियंत्यांबरोबर ती तेथे गेली होती.

“तू पाहिलेस ते त्या शहराचे कलेवर,” कप्तानांनी सुरुवात केली. “मी त्याचे तारुण्य पाहिले आहे. पॅसिफिकवरून आत शिरताना डावीकडे ला रोकेता हे छोटे बेट लागते, आणि ते ओलांडले की एकाएकी समोर तो उपसागर उघडतो. इतका गोल, इतका निवांत, की बाहेर एवढा अफाट समुद्र हेलकावतो आहे याची आठवणसुद्धा राहू नये. काठाने वळत गेलेला रुंद रस्ता, त्याच्या कडेला पांढरी हॉटेले, आणि त्यांच्या मागे तीन बाजूंनी चढत गेलेले डोंगर. केब्राडाच्या कड्यावरून संध्याकाळी उडी घेणारे तरुण पाहिलेस की नाही? पस्तीस मीटर उंचीचा कडा, खाली अरुंद घळ, आणि लाट आत आली असेल तेवढ्याच क्षणी पुरेसे पाणी. वर ग्वादालूपेच्या मातेची एक लहानशी घुमटी आहे, तिच्यापुढे तो मुलगा गुडघे टेकतो, उठतो, लाटा मोजतो आणि स्वतःला सोडून देतो. चाळीस वर्षे ते लोक तो खेळ करीत होते, आणि त्यांचे मुलगे त्यांच्यानंतर करीत होते. रात्री आम्ही डेकवर बसलो की डोंगरभर दिवे लागत. आमच्याकडच्या देवळापुढच्या दीपमाळेसारखा तो सारा डोंगर पाण्यात उतरलेला दिसे. अनेक बंदरे मी पाहिली, पण रात्रीच्या वेळी इतके सुंदर दिसणारे दुसरे बंदर मला आठवत नाही.”

मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “मामा, त्या दिव्यांखाली कोण राहत होते?”

कप्तानांनी तिच्याकडे पाहिले. प्रश्न साधा होता, पण पन्नास वर्षांत तो त्यांच्या मनात आलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला उघड दिसले.

“हॉटेले काठावर होती,” ती पुढे म्हणाली, “आणि त्यांच्या खिडक्या समुद्राकडे. डोंगरावर हॉटेले फारशी नव्हती. डोंगरावर मोलकरणी, माळी, नावाडी, गवंडी, वाढपी राहत. गावातले लोक त्या उताराला अँफिथिएटर म्हणतात, म्हणजे प्रेक्षकांनी पायऱ्यांवर बसून खालचा खेळ पाहण्याची जागा. पण तुम्ही जहाजावरून जी दीपमाळ पाहिलीत ती त्यांच्या एकेका खोलीतल्या एकेका दिव्याची होती. खालून तेवढीच दिसे. पाणी तेथे डोक्यावरून चढवावे लागत होते हे जहाजावरून कसे दिसणार?”

कप्तान चटकन हार मानणारे नव्हेत. त्यांनी इतिहासाचा आधार घेतला, आणि त्यांचे ते म्हणणे मी थोड्या विस्ताराने देतो, कारण त्यात तथ्य होते. त्यांचे म्हणणे असे की, आकापुल्को हे मुळात विलासी लोकांनी वसविलेले गाव नव्हेच. ते बंदर आहे, आणि बंदराचा स्वभावच भरण्याचा आणि ओसरण्याचा असतो. १५६५ साली उर्दानेता या नाविक-भिक्षूने फिलिपाइन्सहून पूर्वेकडे परतण्याचा मार्ग शोधून काढला, आणि तेव्हापासून १८१५पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिलाची गलबते या एकाच बंदरात रेशीम, चिनी मातीची भांडी आणि मसाले उतरवून अमेरिकेची चांदी घेऊन परत जात होती. गलबत आले की जत्रा भरे, जकातदार आणि व्यापारी राजधानीहून खाली उतरत, आणि माल उचलला गेला की गाव पुन्हा ओस पडे. चाच्यांच्या भीतीने बांधलेला सान दिएगोचा किल्ला १७७६च्या भूकंपात कोसळला, तर तो पुन्हा उभारला गेला. आपल्याकडचा धागाही तेथे पोचलेला आहे, असे कप्तान सांगत होते. हिंदुस्थानातून फिरंगी चाच्यांनी पळविलेली, कोचीनला बाटविलेली आणि मनिलाला विकली गेलेली एक मुलगी, जिला पुढे कातारिना दे सान हुआन या नावाने सारे मेक्सिको ओळखू लागले, ती १६२१च्या सुमारास याच किनाऱ्यावर उतरली होती. मेक्सिकोत आजही एका जातीच्या आंब्याला मनिला म्हणतात, तोही याच मार्गाने गेलेला.

“तेव्हा,” ते म्हणाले, “हे शहर यापूर्वीही बुडालेले आहे. गलबते थांबली तेव्हा बुडाले, भूकंपाने बुडाले, आणि प्रत्येक वेळी उठले. समुद्राच्या काठी राहायचे तर समुद्राचे भाडे द्यावेच लागते. त्यासाठी शहराला दोष देऊ नये, आणि ते पुन्हा उभारणाऱ्यांनाही देऊ नये.”

“उठले हे खरे, पण जागचे उठून तसेच बसले नाही,” मुलगी म्हणाली. “तुम्ही पाहिलेले आकापुल्को समुद्राने दिलेले नव्हते, सरकारी हुकमाने घडविलेले होते. १९२७ साली मेक्सिको शहराहून मोटारीचा रस्ता तेथपर्यंत पोचला. मग मिगेल आलेमान राष्ट्राध्यक्ष झाले, आणि तुम्हाला आवडलेला तो काठाचा रस्ता त्यांच्याच कारकिर्दीत, १९४९ साली, खुला झाला. आजही त्याला त्यांचेच नाव आहे. पण रस्त्याला आणि हॉटेलांना जमीन कुठून आली? क्रांतीनंतर सरकारने गावकीला समाईक सनदेने दिलेल्या जमिनी होत्या, त्यांना तिकडे एहिदो म्हणतात. नारळाच्या बागा होत्या, कोळ्यांची घरे होती. त्या जमिनी सार्वजनिक कामाच्या नावाने सरकारजमा झाल्या, आणि माणसे डोंगर चढून वर गेली. ती हौसेने वर गेली नाहीत, मामा. वर गेलेल्यांच्या मुलींना खालच्या हॉटेलांत काम मिळाले हे मला मान्य आहे. पण आधी काठ त्यांचा होता.”

येथे कप्तानांनी हॉलिवुडचा विषय काढला. टारझनची भूमिका करणारा जॉनी वाइसम्युलर त्या गावाच्या इतक्या प्रेमात पडला की त्याने तेथेच देह ठेवला. केनेडी नवविवाहित पत्नीला घेऊन १९५३ साली तेथेच आले. एलिझाबेथ टेलरचे एक लग्न तेथे लागले. हे सर्व खरे असले तरी मला त्यात विशेष रस वाटला नाही. मला मोलाची वाटली ती मुलीने सांगितलेली दुसरीच गोष्ट. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत आकापुल्कोच्या डोंगरावरील एका स्नेह्यांच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी आणि शंखशिंपल्यांनी एक प्रचंड पिसारी सर्प रचला. त्या घराला नाहुआ भाषेत दिलेल्या नावाचा अर्थ ‘वाऱ्याचे घर’ असा आहे. त्या किनाऱ्यावर वाऱ्याला देव मानण्याची परंपरा हॉटेलांहून कितीतरी जुनी आहे, आणि रिव्हेराने तिचे विस्मरण होऊ दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळाच्या रात्रीचे बोलणे निघाले. कप्तानांना मुख्यतः एक गोष्ट समजून घ्यायची होती: इतके उपग्रह डोक्यावर फिरत असताना एवढे मोठे वादळ कोणाला कळले कसे नाही?

“मोठे नव्हते, म्हणूनच कळले नाही,” ती म्हणाली. “ओटिस आकाराने लहान होते. २४ ऑक्टोबरची सकाळ झाली तेव्हा त्याला साधे उष्णकटिबंधीय वादळ म्हणत होते, आणि किनाऱ्याला लागताना ते फार तर कमकुवत चक्रीवादळ होईल असा अंदाज होता. पण खालचा समुद्र असाधारण तापलेला होता, आणि वरच्या थरांतले वारे त्याला विस्कटतील ही अपेक्षा फोल ठरली. एका अहोरात्रात त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांनी वाढला. त्या महासागराच्या पूर्व भागात यापेक्षा झपाट्याने बळावलेले एकच वादळ नोंदलेले आहे, २०१५चे पॅट्रिशिया. दुपारी टेहळणीचे विमान त्याच्या पोटात शिरले तेव्हा तज्ज्ञांना खरे रूप दिसले. पाचव्या, म्हणजे सर्वोच्च प्रतीचे वादळ येते आहे हे लोकांना कळले तेव्हा मध्यरात्रीला काही तासच उरले होते. साडेबाराच्या सुमारास ते ताशी दोनशे साठ किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आले. त्या बाजूच्या किनाऱ्यावर पाचव्या प्रतीचे वादळ त्यापूर्वी कधीही उतरलेले नव्हते. गावात त्या दिवशी खाणवाल्यांचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन सुरू झाले होते. शेकडो पाहुणे रात्रीचे जेवण करून खोल्यांत झोपायला गेले होते.”

“मग यात कोणाचा दोष?”

“वादळ उशिरा कळण्यात कोणाचाही नाही. पण इमारतींचे मला सांगू द्या, कारण तेवढेच मी अधिकाराने सांगू शकते.”

आणि मग तिने जे वर्णन केले ते आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. समुद्रकाठच्या एका हॉटेलाच्या चौदाव्या मजल्यावर ती चढून गेली होती. उद्वाहन अर्थातच बंद होते. खोलीचा दरवाजा जागेवर होता, त्यावर अंक होता, किल्लीचे यंत्र होते. दरवाजा ढकलला तर पलीकडे खोली नव्हती, समुद्र होता. दर्शनी भिंत पूर्णपणे गेलेली. शेजारच्या खोलीची भिंतही गेलेली. छतातून लोंबणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सोऱ्यातून निसटलेल्या चकलीसारख्या वेटोळ्या झालेल्या. जमिनीवर भिजून लापशीसारखा झालेला जिप्समचा लगदा, आणि पाऊल ठेवावे तेथे काचेचा चुरा. न्हाणीघर तेवढे शाबूत होते. त्यातल्या खुंटीवर दोन टॉवेल घडी घालून ठेवलेले होते, आणि त्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“सांगाड्याला मात्र एक चीर नव्हती,” ती म्हणाली. “खांब, तुळया, जोड, सर्व चोख. कारण तो भूकंपाचा मुलूख आहे. १९८५ साली मेक्सिको शहर हादरले तेव्हापासून आम्ही अभियंते त्या देशात भूकंपाशिवाय दुसरा विचारच करीत नाही. २०२१च्या सप्टेंबरात आकापुल्कोलाच सात प्रतीचा धक्का बसला होता. भूकंपाला इमारत हलकी लागते, म्हणून भिंती जिप्समच्या फळ्यांच्या केल्या, दर्शनी बाजूला काच लावली, वजन वाचवले. आणि वाऱ्याला नेमके उलटे हवे असते. जी गोष्ट एका संकटासाठी आम्ही शहाणपणाने केली तीच दुसऱ्या संकटाच्या तोंडी गेली. माणसे वाचली ती त्या न्हाणीघरांत गाद्या दाराशी लावून बसली म्हणून. ते सांगाडे पाहताना मला माझ्याच गणितांची भीती वाटली, मामा.”

हे ती बोलत असताना कप्तान झोपाळ्यावरून उठून ओटीच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. त्यांच्या वाडीत पोफळीची कोवळी रोपे ओळीने लावलेली आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले त्या दिवशी या वाडीत चारशेवर पोफळी होत्या, आणि संध्याकाळी वारा पडला तेव्हा एकोणीस उभ्या होत्या. तलाठ्याने पंचनामा केला, नुकसानभरपाईचे काहीतरी हाती आले. कप्तानांनी दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच आळ्यांत नवी रोपे लावली. पोफळ धरायला सात-आठ वर्षे लागतात, आणि लावणाऱ्याचे वय तेव्हा सत्तरीपलीकडचे होते.

त्या रोपांकडे हात करून ते म्हणाले, “मला लोकांनी विचारले, पुन्हा पोफळच का लावता? पुन्हा वादळ येणार. मी म्हटले, येईल. पण बाग नसेल तर शिंपणारा काय खाईल? सोलणाऱ्या बाया कोठे जातील? तुझ्या आकापुल्कोचेही तेच. हॉटेल बंद ठेवून, दहा वर्षे नकाशे काढून, आदर्श नगर बांधू म्हणशील तर वरच्या गावातली तुझी ती माणसे तोपर्यंत उपाशी मरतील. ज्याच्या घरी रोजचा पगार येतो त्याला भविष्यातली सुरक्षितता शिकवू नये. जसे होते तसे, शक्य तितक्या लवकर, उभे करावे. यातच दया आहे.”

माझ्या मते संपूर्ण वादातला हा कप्तानांचा सर्वांत बळकट मुद्दा होता, आणि मुलीनेही तो झटकून टाकला नाही. ती स्वतः पुन्हा २०२४च्या फेब्रुवारीत तेथे गेली होती. टेनिसचे मोठे सामने ठरल्या वेळी भरले होते, एप्रिलमध्ये देशातला पर्यटन-व्यापाराचा मेळावाही आकापुल्कोतच झाला, आणि त्यामुळे कितीतरी घरांतल्या चुली पेटल्या हे तिने मान्य केले.

“पण तुमच्या पोफळीत आणि त्या हॉटेलांत एक फरक आहे,” ती म्हणाली. “त्या आळ्यांत पैसा तुमचा, जमीन तुमची आणि धोकाही तुमचाच. वादळ आले तर पडेल तुमची बाग, आणि ती लावायची की नाही हे तुम्ही ठरवले. आकापुल्कोत धोका एकाने ठरवला आणि सोसला दुसऱ्याने. १९८० साली डोंगरावरची वस्ती शहराला शोभत नाही आणि धोक्याचीही आहे म्हणून हजारो कुटुंबांना सरकारने मागच्या सखल भागात नेऊन टाकले, आणि त्या नव्या वसाहतीचे नाव ठेवले रेनासिमिएन्तो, म्हणजे पुनर्जन्म. ती जागा साबाना नदीच्या पुराची. १९९७च्या ९ ऑक्टोबरला पाउलिना वादळात काही तासांत चारशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. डोंगरावर जे राहिले होते ते ओढ्यांतून दगडगोट्यांबरोबर वाहून गेले. एकट्या आकापुल्कोत शंभराहून अधिक माणसे गेली. तोवर श्रीमंतांची हॉटेले पूर्वेला दियामांतेच्या वाळूच्या पट्ट्यावर सरकली होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण. २०१३ साली मॅन्युएल वादळात खाजण चढले, विमानतळ बुडाला, हजारो पर्यटक अडकले. त्यानंतरही तेथेच बांधले. प्रत्येक वेळी जसे होते तसेच, मामा. आणि ओटिसनंतर घरदुरुस्तीला कुटुंबामागे पस्तीस ते साठ हजार पेसो मिळाले. ते आले हे चांगलेच झाले, पण त्यातून लोकांनी काय केले? तेच पत्रे आणले, त्याच लाकडांवर, तसल्याच खिळ्यांनी ठोकले. पत्रा वाऱ्याला कसा बांधावा हे सांगायला वरच्या गावात कोणी अभियंता गेला नाही. आम्ही सगळे खाली होतो. मीही खालीच होते.”

हे शेवटचे वाक्य तिने फार हळू उच्चारले.

“लूटही झाली ना? मी वाचले होते,” कप्तान म्हणाले. त्यांच्या स्वरात निषेध होता, आणि बंदोबस्ताशिवायच्या गावाबद्दल खलाशाला वाटणारी भीतीही होती.

“झाली. वीज नाही, फोन नाही, राजधानीचा रस्ता दरडींनी बंद. दुकाने पहिल्या सकाळीच फुटली. पाणी, दूध, बाळांचे लंगोट नेणारे होते आणि शीतकपाट खांद्यावर नेणारेही होते. मला दोन्ही प्रकारची माणसे भेटली, आणि काही वेळा तो एकच माणूस होता.”

यानंतर संध्याकाळी जे घडले त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला असे म्हटले तरी चालेल. मुलगी मृतांविषयी बोलत होती. सरकारी दप्तराप्रमाणे पन्नासाहून थोडी अधिक माणसे दगावली आणि तीसएक बेपत्ता राहिली; इतक्या भयंकर रात्रीच्या मानाने हा आकडा लहान वाटावा. पण त्यांतले पुष्कळ जण घरांत मेले नव्हते. त्या उपसागरात धनिकांच्या क्रीडानौका नांगरलेल्या होत्या, शेकडो नौका त्या रात्री बुडाल्या, आणि त्यांतल्या कित्येकींवर तांडेल आणि खलाशी होते. मालकांच्या सांगण्यावरून ते नौका राखायला थांबले होते, किंवा संध्याकाळी मुद्दाम नौकेवर गेले होते. अंदाज साध्या वादळाचा होता; अशा वेळी दोर दुप्पट करायचे, यंत्र चालू ठेवून नौका वाऱ्याच्या तोंडाला धरायची, हा नेहमीचा शिरस्ता. कित्येक आठवडे त्यांच्या बायका आणि भाऊ छोट्या होड्या घेऊन ला रोकेताच्या आसपास त्यांना शोधीत होते. मुलीने धक्क्यावर त्यांना पाहिले होते. एका बाईच्या हातात नवऱ्याचा छापील फोटो होता आणि त्यावर पाऊस लागू नये म्हणून तो तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता.

कप्तान काही बोलले नाहीत. दिवेलागणीला त्यांनी देवापुढे नेहमीप्रमाणे निरांजन लावले, जेवताना मीठ मागितले आणि ते तसेच ठेवून दिले. रात्री मुलगी झोपल्यावर ते ओटीवर माझ्याजवळ येऊन बसले.

“भावोजी,” ते म्हणाले, “तसा हुकूम मीही दिला असता. दिलेला आहे. नांगरावरचे जहाज वादळात बिनमाणसाचे सोडायचे नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि ते बरोबर आहे. मोकळे सुटलेले जहाज दहा जहाजे फोडते. माझ्या हुकमाने थांबलेली पोरे सगळी सुखरूप राहिली, एवढे माझे नशीब. पण एक गोष्ट होती. हुकूम देणारा मी जहाजावर असे.”

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “तिचे म्हणणे सगळे मला पटलेले नाही. हॉटेले उघडलीच पाहिजेत. पण हे तिने मला आधी सांगायला हवे होते.”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाद फारसा राहिला नाही; गप्पा राहिल्या. कप्तान तिला जुन्या आकापुल्कोचे बारकावे सांगत: सकाळी पोहायला कालेताचा किनारा आणि तिसऱ्या प्रहरी ओर्नोसचा, सूर्यास्त पाहायचा तो पिए दे ला कुएस्ताला, आणि तेथे पोहायचे मात्र नाही, कारण लाट माणसाला आत ओढते. गुरुवारी सारे गेरेरो राज्य हिरवा पोसोले खाते, ही गोष्ट त्यांना एका बंदर-हमालाने घरी जेवायला नेले तेव्हा कळली होती. ते घर चढावर होते, एवढे त्यांना आता आठवले. पायऱ्या मोजल्या नव्हत्या, पण मध्ये दोनदा थांबावे लागले होते. मुलीने तिच्या फोनमधला एक फोटो दाखविला. वरच्या गावातल्या एका घरावर पत्र्याऐवजी निळी ताडपत्री होती, खाली चुलीवर मोठे पातेले, आणि एक बाई कॅमेऱ्याकडे न बघता वाडग्यात मक्याचे फुगलेले दाणे वाढीत होती. कप्तानांनी फोटो मोठा करून मागच्या बाजूचा समुद्र पाहिला आणि ते म्हणाले, “हो, उपसागर येथून असाच दिसतो.”

त्याच वर्षी भाद्रपदात, ओटिसला पुरते वर्षही झाले नव्हते, जॉन नावाचे वादळ त्या राज्याच्या किनाऱ्यावर चढले, उतरले आणि पुन्हा समुद्रात बळावून किनाऱ्यालगत रेंगाळत राहिले. या खेपेस आकापुल्कोत वारा फार नव्हता, पाऊस होता. काही दिवसांत जवळजवळ एक मीटर पाणी पडले. रेनासिमिएन्तो बुडाले, दियामांतेचा पट्टा पुन्हा पाण्याखाली गेला, डोंगरावरून चिखल उतरला. मुलीचा फोन आम्हाला मेक्सिको शहराहून आला तेव्हा योगायोगाने कप्तान पुण्याला आमच्याकडे होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, आणि ती काही सांगू लागण्यापूर्वीच त्यांनी विचारले:

“बंदरातल्या नावांवर माणसे होती का?”